माळव्याच्या काठावरची पावसाळी सुट्टी

इंदूरहून दक्षिणेकडे निघाले की महू मागे पडेपर्यंत जमीन सपाट लागते. काळी माती, सोयाबीनची शेते, मधूनच एखादे चिंचेचे किंवा कडुनिंबाचे झाड. मग काही मैलांत पठार एकाएकी संपते. विंध्याचा कडा तुटतो आणि खाली नर्मदेचे खोरे, म्हणजे निमाड, पसरलेले दिसते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, तर महेश्वरचा नर्मदाकाठ जेमतेम दीडशे मीटर. पाताळपाणी, कालाकुंड, चोरल, जानापाव, जाम दरवाजा, मांडू अशी इंदूरकरांची लाडकी सहलीची ठिकाणे याच काठाला धरून आहेत. महेश्वर आणि ओंकारेश्वर त्याच्या पायथ्याच्या सखल प्रदेशात, नर्मदेवर आहेत.

महाराष्ट्रातून येणारा प्रवासी मात्र या काठापाशी क्वचितच रेंगाळतो. उज्जैनला महाकाळ, मग ओंकारेश्वर, एखादी रात्र इंदूरच्या सराफ्यात खाण्यात घालवायची आणि परतीची गाडी धरायची, असा त्याचा ठरलेला कार्यक्रम असतो. मध्य प्रदेश पाहायचा म्हटले की खजुराहो, कान्हा आणि पचमढी एवढीच नावे पुढे येतात. पण या काठावरच्या सहलींचा इतिहास चारशे वर्षांहून जुना आहे आणि त्यातल्या अर्ध्याअधिक पानांवर मराठी माणसांची नावे आहेत.

हा इतिहास समजून घ्यायचा तर आधी ऋतू ध्यानात घ्यायला हवा. महाराष्ट्रात थंड हवेचे ठिकाण ही उन्हाळ्याची गोष्ट आहे. महाबळेश्वर, माथेरान ही गावे इंग्रजांनी वैशाखाच्या काहिलीपासून पळण्यासाठी वसवली. नागपूरचा सरकारी कारभारही उन्हाळ्यात पचमढीला जात असे. माळव्याला त्याची तितकी निकड कधी भासली नाही. इथे दिवस तापला तरी रात्र निवते. ‘शब-ए-मालवा’ हे शब्द उत्तर हिंदुस्थानात सर्वतोमुखी झाले ते त्यामुळेच. माळव्याची खरी सुट्टी आषाढात सुरू होते आणि भाद्रपद सरेपर्यंत चालते. महाबळेश्वर पावसात दारे लावून बसते, त्याच दिवसांत इंदूर घराबाहेर पडते.

या ऋतूची सर्वांत जुनी आणि तपशीलवार साक्ष एका बादशहाने लिहून ठेवली आहे. जहांगीर 1617 च्या मार्चमध्ये मांडूला आला आणि ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहिला. मांडू तेव्हा ओस पडत चालले होते. माळव्याच्या सुलतानांनी, विशेषतः होशंगशाहाने, पंधराव्या शतकात इथे राजधानी वसवून तिला शादियाबाद, म्हणजे आनंदनगरी, असे नाव दिले होते. पुढे गयासशाहाने कारभार मुलावर सोपवून उरलेले आयुष्य गाणे, खाणे आणि बांधकामे यांत घालवले. त्याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचे सचित्र हस्तलिखित ‘निमतनामा’ आज लंडनला जपून ठेवलेले आहे. 1561 मध्ये अकबराच्या फौजांनी बाजबहादूरचा पराभव केला आणि मांडूचे वैभव ओसरले.

जहांगीरने येण्याआधीच अब्दुल करीम नावाच्या अधिकाऱ्याला पुढे पाठवून जुन्या इमारती दुरुस्त करून घेतल्या. त्यावर तीन लाख रुपये खर्च झाल्याची नोंद त्याने स्वतःच केली आहे. पाऊस सुरू झाल्यावर त्याची लेखणी खुलली. पावसाळ्यातल्या मांडूइतकी सुखद हवा आणि इतका देखणा परिसर आपल्याला दुसरीकडे कुठे ठाऊक नाही, उन्हाळ्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या महिन्यांतही इथे रात्री पांघरुणावाचून झोप येत नाही आणि दिवसा पंख्याची गरज पडत नाही, अशा आशयाचा मजकूर त्याच्या आत्मचरित्रात आहे. शब-ए-बरातच्या रात्री तळ्याकाठच्या इमारतींवर दिवे आणि कंदील लावले, त्यांचे प्रतिबिंब पाण्यात पडले आणि सारे तळे उजळून निघाले, हेही त्याने रसिकतेने लिहिले आहे. याच मुक्कामात नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ मारले आणि बादशहाने तिला हिऱ्यांच्या बांगड्या भेट दिल्या.

त्याच वर्षी, त्याच गडावर इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बादशहाच्या मागोमाग आला होता. त्याचे अनुभव पार वेगळे आहेत. पाऊस यायच्या आधी मांडूत पाण्याचा इतका तुटवडा होता की लोक आणि जनावरे हाल सोसत होती. रो एका पडक्या मशिदीच्या आवारात उतरला होता. जवळच्या एका सरदाराच्या झऱ्यावरून रोज थोडे पाणी नेण्याची परवानगी मिळाली म्हणून त्याचे निभावले. रात्री रानटी जनावरे आवारात शिरत. दोघांच्याही नोंदी खऱ्या आहेत. मांडूचे सारे सुख पावसावर अवलंबून होते आणि तो पाऊस साठवून ठेवण्याच्या कसबावर.

ते कसब जहाजमहालात आजही पाहता येते. शंभर मीटरहून लांब, जेमतेम पंधरा मीटर रुंद असलेली ही इमारत मुंज तलाव आणि कपूर तलाव या दोन तळ्यांच्या मधोमध उभी आहे. तळी भरली की ती पाण्यात तरंगत असल्यासारखी दिसते, त्यावरून तिला हे नाव पडले. गच्चीवर चढून गेले की दगडात कोरलेला एक अरुंद पाट दिसतो. तो सरळ जात नाही. गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळे घेत पुढे सरकतो. वरून आलेले पाणी या वळणांतून फिरताना मंदावते, गाळ आणि कचरा मागे राहतो आणि निवळलेले पाणी हौदात पडते. पाऊस चालू असताना तिथे उभे राहिले तर पाचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांचा हिशेब डोळ्यांसमोर चालताना दिसतो. गाइड मात्र बहुतेकांना घाईघाईने रूपमतीच्या मंडपाकडे नेतात. तिथून आकाश निवळले असेल तर दूरवर नर्मदेची रेघ दिसते.

मांडूला कौतुकाने पाहायला येणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. होशंगशाहाच्या संगमरवरी कबरीच्या दारावर 1659 सालचा एक शिलालेख आहे. शाहजहानच्या दरबारातले उस्ताद हमीद आणि इतर वास्तुकार ही इमारत बांधणाऱ्यांना आदरांजली वाहायला तिथे येऊन गेले होते, असे तो सांगतो. अठराव्या शतकात मांडू धारच्या पवारांकडे आले आणि गड मराठी अमलाखाली गेला. 1929 मध्ये गुलाम यझदानी यांचा मांडूवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही धार संस्थानच्या आश्रयाने. आज मांडूत जे उभे आहे त्यातले बरेच काही त्या काळात झालेल्या डागडुजीमुळे टिकले.

इथे आणखी एक नाव घ्यावे लागते, जे महाराष्ट्राला दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि जवळच महूची छावणी उभी राहिली. या सगळ्याच्या केंद्रस्थानी सर जॉन माल्कम होता. मांडूच्या वाटेवरच्या नालछा गावातला सुलतानांच्या काळातला एक पडका महाल दुरुस्त करून तो तिथे राहत असे. हाच माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत महाबळेश्वरी माल्कमपेठ वसली. सह्याद्रीतल्या त्या प्रसिद्ध गिरिस्थानाच्या आधी त्याने विंध्याच्या काठावरची हवा चाखली होती.

मांडूहून पूर्वेकडे हाच काठ धरून गेले की जाम दरवाजा लागतो. महूहून मंडलेश्वर आणि महेश्वरकडे उतरणाऱ्या वाटेच्या माथ्यावर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही भक्कम वेस बांधली. 1767 ते 1795 या काळात होळकरशाहीचा कारभार महेश्वरहून चालत होता, माळव्यातला महसूल आणि टपाल याच घाटाने खाली जात होते. वाटसरूंच्या सोयीची आणि पहाऱ्याची ही जागा आता रविवारी गर्दीने फुलते. श्रावणात ढग दरवाजाच्या कमानीतून आरपार जातात, बाहेर मक्याची कणसे भाजणाऱ्यांच्या शेगड्या पेटलेल्या असतात, कणसांवर लिंबू-मीठ चोळून पिढ्यान्‌पिढ्या इंदुरी कुटुंबे तिथे दरीकडे पाहत उभी राहिली आहेत.

घाट उतरून महेश्वरला पोचले की होळकरांचा किल्ला आणि नर्मदेच्या पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या दिसतात. अहिल्याबाईंनी इथे विणकरांना बोलावून वसवले आणि महेश्वरी साडीचे माग सुरू झाले. ते बंद पडायला आले असताना 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातले रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेवा सोसायटी काढून त्यांना पुन्हा काम मिळवून दिले. किल्ल्याच्या आवारात मागांचा खटखटाट ऐकू येतो. साडीच्या काठात घाटावरच्या दगडी नक्षीचे नमुने उतरले आहेत. घाट पाहून मग माग पाहायला गेले की ते चटकन ओळखू येतात.

राजा-बादशहांची ही सैर सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली ती रेल्वेने. 1870 मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. साडेचार टक्के व्याज आणि मुदत 101 वर्षे. मुंबईहून येणारा लोहमार्ग खांडव्यावरून जात होता. माळव्याची अफू, कापूस आणि धान्य त्याला जोडायचे होते. खांडवा-सनावद हा टप्पा 1874 मध्ये सुरू झाला, मग नर्मदेवर पूल झाला आणि 1878 पर्यंत घाटातले कामही पुरे झाले. होळकर स्टेट रेल्वे असे तिचे नाव होते. रूळ मीटरगेजचे. सहलीचा विचार ना तुकोजीरावांच्या मनात होता, ना इंजिनिअरांच्या.

पण पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट इतका देखणा निघाला की लोकांनी त्याला आपले करून टाकले. दर चाळीस फुटांना एक फूट असा चढ, बोगदे, दऱ्यांवरचे पूल आणि पाताळपाणी स्टेशनजवळ चोरल नदीचा सुमारे तीनशे फूट खोल कोसळणारा धबधबा. खालून येणारी गाडी कालाकुंडला थांबे. तिच्या मागे आणखी एक इंजिन जोडले जाई. पुढचे ओढी आणि मागचे रेटी. हे इंजिन जोडायला वेळ लागे आणि त्या वेळात फलाटावर कलाकंद खपे. आसपासच्या वस्त्यांतले दूध आटवून केलेला रवाळ, फारसा गोड नसलेला हा कलाकंद पानांच्या द्रोणात मिळे. गावाचे नाव आणि मिठाईचे नाव इतके जवळचे आहे की इंदूरच्या मुलांना दोन्ही एकदमच पाठ होतात. जयपूरहून महू-खांडवा-अकोल्यावरून दक्षिणेकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच घाटाने उतरत असे. वऱ्हाडात नातीगोती असलेल्या इंदुरी मराठी घरांना माहेर-सासरची वाट हीच होती. कालाकुंडचा कलाकंद अकोल्यापर्यंत पोचे.

या घाटाला एक दुखरी आठवणही आहे. गोरगरिबांचा तंट्या मामा, म्हणजे निमाडचा भिल्ल वीर तंट्या, याला इंग्रजांनी 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला फाशी दिले. त्याचा देह पाताळपाणीजवळ रुळांलगत आणून टाकला, असे इथले लोक सांगतात. तिथे त्याचे देऊळ आहे. आजवर अनेक वर्षे गाड्या त्या देवळासमोर क्षणभर थांबून, शिट्टी देऊन पुढे जात आल्या. धबधबा पाहायला गेलेली मंडळी देवळात नारळ ठेवून येतात आणि मुलांना तिथेच तंट्याची गोष्ट कळते.

सहल म्हटली की जेवण आले आणि माळव्यात सहलीचे जेवण म्हणजे दाल-बाफले. चोरलच्या काठावर किंवा जानापावच्या पायथ्याशी जागा धरली की आधी गोवऱ्या रचायच्या. रवाळ दळलेल्या गव्हाच्या पिठात मीठ, हळद, ओवा आणि तुपाचे मोहन घालून घट्ट गोळे करायचे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे. शिजलेला गोळा आपोआप वर येऊन तरंगतो. मग तो निथळून निखाऱ्यावर भाजायचा. चहूबाजूंनी भेगा पडल्या की बाफला झाला. राख झटकून, हाताने फोडून तो तुपात बुडवायचा. सोबत तुरीची डाळ, हिरवी चटणी आणि चुरम्याचे लाडू. राजस्थानची बाटी नुसती भाजतात, बाफला आधी उकळतात, म्हणून तो आतून मऊ राहतो. इंदूरच्या मराठी घरांत पुरणपोळी आणि वरणभात तसाच राहिला. पण पावसाळी सहलीला या घरांनी बाफल्याखेरीज दुसरे काही नेले नाही. गोवऱ्या पावसात भिजू नयेत म्हणून त्या घरूनच प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेणाऱ्या आज्या अजून आहेत.

काठापर्यंत जायला वेळ नसेल त्यांच्यासाठी होळकरांनी शहराजवळच काही जागा करून ठेवल्या, त्याही दुसऱ्याच हेतूने. राळामंडळच्या टेकडीवर त्यांचे शिकारगृह होते. 1989 मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि आता शाळांच्या सहली तिथे हरणे पाहायला जातात. सिरपूरचे तळे होळकरकाळात पाण्यासाठी बांधले गेले. गंभीर नदीवर 1939 मध्ये यशवंतराव होळकरांच्या कारकिर्दीत यशवंतसागर बांधला गेला, तोही इंदूरची तहान भागवायला. पुढे शहर वाढले, तळी अपुरी पडली, 1970 मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकरांनी मोठे आंदोलन केले आणि त्या दशकाच्या अखेरीस नर्मदा पंपांनी विंध्य चढून शहरात आली. तळ्यांवरचा भार हलका झाला तशी पाणपक्ष्यांना आणि माणसांना तिथे निवांत जागा मिळाली. यशवंतसागराचे पाणी पसरते त्या गुलावटला कमळांचे रानच माजले आहे; तिथली फुले देवळांत जातात. 2022 मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्हींना रामसर यादीत स्थान मिळाले आणि 2025 च्या जानेवारीत इंदूरला पाणथळ जागा जपणारे शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हा मान भारतात पहिल्यांदाच मिळाला, तो इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना.

माळव्याच्या हवेने हिंदुस्थानी संगीताला जे दिले त्याची नोंद केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. क्षयाने आजारी पडलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने हवापालटासाठी इंदूरजवळच्या देवासला आले. पवारांचे हे गाव टेकडीवरच्या देवीसाठी प्रसिद्ध आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये इथल्या महाराजांच्या पदरी राहिला होता आणि त्या दिवसांवर त्याने पुढे पुस्तक लिहिले. कुमारजींना कित्येक वर्षे गाण्याची मनाई होती. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानांवर माळवी बायकांची गाणी पडत राहिली. त्या धुनांतून पुढे नवे राग निघाले आणि ‘गीतवर्षा’सारखा पावसाच्या गाण्यांचा कार्यक्रम उभा राहिला. ते बरे झाले, पण देवास सोडून गेले नाहीत. हवापालटासाठी आलेला हा पाहुणा माळव्याचाच होऊन राहिला.

काठावरच्या या ठिकाणांना आज काळजीची गरज आहे. 2011 च्या जुलैत पाताळपाणीला अचानक पाण्याचा लोंढा आला, सहलीला आलेल्या एका कुटुंबातले पाच जण प्रवाहात वाहून गेले आणि तिघांचा जीव गेला. वरच्या अंगाला पाऊस झाला की इथे कोरड्या आभाळाखालीही पूर येतो. खडकावर उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा, एवढे भान प्रत्येक सहलीत हवे. मांडूला पावसाळी रविवारी गाड्यांची रांग लागते आणि तळ्यांच्या काठी प्लास्टिकचा खच पडतो, तेही थांबायला हवे.

रेल्वेचे चित्र वेगाने बदलते आहे. 25 डिसेंबर 2018 रोजी पाताळपाणी-कालाकुंड मार्गावर काचेच्या मोठ्या खिडक्यांची हेरिटेज गाडी सुरू झाली. 2023 च्या सुरुवातीला महूहून ओंकारेश्वर रोडकडे जाणारी मीटरगेजची नेहमीची गाडी बंद झाली. ब्रॉडगेजचे काम हाती घेतले आहे. एवढा तीव्र चढ ब्रॉडगेजला झेपणारा नाही, म्हणून नवा मार्ग वेगळ्या वळणाने जाणार आहे आणि जुना घाट हेरिटेज गाडीपुरता राखला जाणार आहे. रोजची गाडी गेल्याने कालाकुंडच्या कलाकंदवाल्यांचे रोजचे गिऱ्हाईक गेले. आता त्यांची भिस्त याच छोट्या गाडीवर आहे. तुकोजीरावांच्या कर्जातून झालेले हे रूळ दार्जिलिंग आणि माथेरानच्या रेल्वेच्या तोडीचे आहेत. त्यांच्या देखभालीसाठी आणि गाडीच्या नियमित फेऱ्यांसाठी सरकारने हात आखडता घेऊ नये.

उज्जैन-ओंकारेश्वरला निघालेल्या मराठी कुटुंबाने कार्यक्रमात दोन दिवस वाढवावेत, तेही शक्यतो श्रावण-भाद्रपदात. इंदूरहून सकाळी धारमार्गे मांडू, गडावर रात्रीचा मुक्काम आणि पहाटे जहाजमहालाची गच्ची. दुसऱ्या दिवशी धामनोदवरून महेश्वर, घाटावर संध्याकाळची नर्मदा-आरती आणि नंतर मंडलेश्वर, जाम दरवाजा, महू असा वर चढणारा रस्ता. शनिवार-रविवार साधला तर पाताळपाणीहून कालाकुंडपर्यंत गाडीने उतरून यावे, द्रोणभर कलाकंद तिथेच फलाटावर बसून खावा आणि घरच्यांसाठी थोडा बांधून घ्यावा.